पॉवर ट्रॉवेल: मशीन कधी उतरवायचं आणि कधी थांबवायचं

शेडचा कोबा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. रोज झाडलं तरी पांढरी धूळ निघतेच. फोर्कलिफ्टच्या वाटेवर रुपयाएवढे पापुद्रे उडतात. कुठे केसासारख्या भेगांचं जाळं, कुठे पाणी साचणारे खळगे. मालक आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लान्टला बोल लावतो, प्लान्टवाला ठेकेदाराला, ठेकेदार सिमेंटला. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ काँक्रीट ओतल्यानंतरच्या पाच-सहा तासांत असतं. घोटाईचं मशीन (फिरत्या ब्लेडने कोबा गुळगुळीत करणारा पॉवर ट्रॉवेल) लवकर उतरवलेलं असतं, नाहीतर वर पाणी शिंपडलेलं असतं, नाहीतर ओल्या पृष्ठभागावर कोरडं सिमेंट भुरभुरलेलं असतं.

मशीन चालवायला माणूस दोन दिवसांत शिकतो. माल, म्हणजे ओतलेलं काँक्रीट, घोटाईला कधी तयार झाला हे ओळखणं अवघड, आणि घाई नेमकी तिथेच होते. मशीन भाड्याचं, रात्रपाळीचे पैसे वेगळे, मिस्त्रीला शेवटची बस गाठायची. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या. क्रम मोडला की पुढचा टप्पा कितीही चांगला झाला तरी मागचं भरून निघत नाही.

## आधी ठरवा: इथे घोटाई हवी आहे का?

नाशिकच्या अंबड-सातपूरचं वर्कशॉप, सिन्नरचं गोदाम, कोरडा माल ठेवायची खोली, इथे कडक घोटलेला गुळगुळीत कोबा योग्य. बाकी ठिकाणी जरा थांबून विचार करा.

द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये जिथे क्रेट धुतले जातात, तिथे आरशासारखा कोबा केला तर माणसं घसरून पडतील. तिथे पॅन (मशीनच्या ब्लेडखाली बसवायची गोल सपाट थाळी) मारून थांबायचं आणि वरून हलका झाडू ओढायचा. वाइनरीत तर सांडलेल्या वाइनमधलं आम्ल साधं काँक्रीट खातं, म्हणून वर कोटिंग येणारच असतं. कोटिंग येणार असेल तर ब्लेडने जास्त घोटू नका, कारण फार चकचकीत पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही आणि मग तोच पृष्ठभाग ग्राइंडरने खरवडायला पैसे जातात. उघड्यावरचं पार्किंग आणि रॅम्प यांना झाडूचा खरखरीतपणाच हवा.

मालकाला हे काम सुरू होण्याआधी विचारा. "एकदम चकाचक करा" एवढ्यावर काम घेऊ नका. त्या जागी पाणी असणार का, कोटिंग होणार का, फोर्कलिफ्ट फिरणार का, ही तीन उत्तरं लिहून घ्या.

## टप्पा १: खालचा थर

यावर फार लिहीत नाही, पण गोदाकाठच्या आणि निफाड पट्ट्यातल्या काळ्या मातीवर थेट कोबा घालणारे अजून भेटतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा कोबा कितीही सुंदर घोटला तरी तडकतो. काळी माती काढून मुरूम टाका, थराथराने पाणी मारून रोलर फिरवा, मग पीसीसी (बिनसळईच्या साध्या काँक्रीटचा थर).

ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी खालचा थर भिजवा, पण सकाळी कुठेही डबकं राहता कामा नये. कोरडी जमीन मालातलं पाणी शोषते, डबकं असेल तिथे माल पातळ होतो. दोन्ही प्रकारांत एकाच कोब्याचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी घट्ट होतात आणि ट्रॉवेलवाल्याची कसरत होते.

ओल वर येऊ नये म्हणून प्लास्टिक अंथरलं असेल तर लक्षात ठेवा, खाली जायला वाट नसल्याने सगळं पाणी वरूनच सुटतं. अशा कोब्यावर थांबायचा वेळ वाढतो.

## टप्पा २: माल मागवताना बोलायच्या गोष्टी

प्लान्टला फक्त "एम-२५ पाठवा" असा काँक्रीटचा ग्रेड सांगून फोन ठेवू नका. हे चार मुद्दे बोला.

१. काम पॉवर ट्रॉवेलचं आहे हे आधी सांगा. मालात हवा धरून ठेवणारं रसायन नको. एकूण हवा तीन टक्क्यांच्या वर गेली की कडक घोटाईत पापुद्रे सुटायचा धोका मोठा.

२. स्लम्प (माल किती पातळ आहे याचं माप) ७५ ते १०० मिलिमीटरच्या आसपास ठेवा. पंपाने टाकायचं असेल तर जास्त लागेल, पण तो रसायनाने वाढवून घ्या, पाण्याने नाही.

३. सगळ्या गाड्यांत रसायनाचा डोस एकच हवा. पहिल्या गाडीत कमी आणि तिसऱ्यात जास्त असेल तर पहिली पट्टी दगड होईल आणि तिसरी चिखल राहील.

४. सिमेंट कोणतं, त्यात कोळशाची राख (फ्लाय अ‍ॅश) किती, ते विचारून घ्या. राखेचं प्रमाण जास्त असलेला माल थंडीत उशिरा घट्ट होतो. हा दोष नाही, फक्त तेवढं थांबायची तयारी हवी.

हिशेब सोपा आहे. १,००० चौरस फूट आणि सहा इंच जाडी म्हणजे सुमारे १४ घनमीटर. सहा घनमीटरच्या गाड्या धरल्या तर दोन पूर्ण आणि एक थोडी. प्लान्टवर माल भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. द्वारका चौकातली कोंडी आणि सिन्नरकडचा रस्ता लक्षात घेऊन गाड्यांमधलं अंतर ठरवा. दोन गाड्यांमध्ये तास-दीड तास गेला तर जोडावर कायमचा पट्टा दिसतो.

इशारा: साइटवर गाडीत पाइप सोडून माल पातळ करू देऊ नका. ड्रायव्हरला लवकर रिकामं व्हायचं असतं, बिगाऱ्यांना ओढायला सोपं जातं, आणि ते जादा पाणी चार तासांनी वर येऊन तुमच्या ट्रॉवेलखाली सापडतं.

## टप्पा ३: दिवस आणि वेळ निवडणं

नाशिकमध्ये दोन ऋतू फसवतात.

एप्रिल-मेमध्ये ऊन आणि वारा दोन्ही असतं. ओल्या कोब्यावरून दर तासाला चौरस मीटरमागे एक किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की भेगांची भीती सुरू होते. उन्हाइतकाच वारा वाईट. शेडच्या भिंती उठलेल्या नसतील तर वाऱ्याच्या बाजूला हिरवी जाळी किंवा ताडपत्री बांधा. ओतायला संध्याकाळी पाचनंतर सुरुवात करा, म्हणजे घोटाई रात्रीच्या गारव्यात येते. दिव्यांची सोय मात्र आधीच हवी, तीही खाली बाजूला ठेवलेली, म्हणजे तिरक्या उजेडात उंचसखल दिसेल. डोक्यावरच्या हॅलोजनखाली काहीच कळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. द्राक्षाचा हंगाम तोंडावर असतो, पॅकहाउस वेळेत हवं असतं, म्हणून नेमकी याच दिवसांत कामं निघतात. निफाडकडे पारा एक आकडी उतरतो. दुपारी दोनला ओतलेला माल मध्यरात्र उलटली तरी पाय धरत नाही, माणसं कंटाळतात आणि ओल्यावरच मशीन फिरवतात. थंडीत सकाळी आठच्या आत पहिली गाडी रिकामी व्हायला हवी.

इशारा: थंडीच्या रात्री ताज्या कोब्याजवळ, बंद शेडमध्ये शेकोटी पेटवू नका. धुरातला कार्बन डायऑक्साइड ओल्या सिमेंटच्या वरच्या थरावर क्रिया करतो आणि तो थर कायमचा भुसभुशीत होतो. सकाळी काही दिसत नाही, महिन्याभराने धूळ दिसते. शेकायचं असेल तर शेडबाहेर.

## टप्पा ४: मशीन आणि हत्यारं तपासणं

हे काम आदल्या दिवशी करा. भाड्याचं मशीन टेम्पोतून उतरल्यावर लगेच कोब्यावर नेणं ही सवय मोडायला हवी.

- मशीन सपाट सिमेंटच्या जमिनीवर ठेवा आणि ब्लेड पूर्ण आडवे करा. चारही ब्लेड सारखे टेकले पाहिजेत. एखादा हात वाकलेला असेल तर मशीन डुलतं आणि कोब्यावर गोल लाटा उमटतात.
- ब्लेडवर जुना सिमेंटचा थर नको. ब्लेडची कड झिजून वाकडी झाली असेल तर बदला.
- पॅन बसवून फिरवून बघा. थरथरत असेल तर तो चेपलेला आहे.
- हॅन्डल सोडल्यावर मशीन थांबतं का, हे स्वतः तपासा. ज्या मशीनची ही कळ तारेने बांधून ठेवलेली असेल ते परत पाठवा. हातातून सुटलेलं मशीन स्वतःभोवती हॅन्डल फिरवतं आणि पाय मोडतं.
- तेल किंवा पेट्रोल गळत नाही ना? घोटलेल्या कोब्यावरचा तेलाचा डाग निघत नाही. पेट्रोल नेहमी कोब्याबाहेर भरा.

एका ३६ इंची मशीनला घाई न करता हजार ते दीड हजार चौरस फूट काम झेपतं. त्याहून जास्त एका दमात ओतणार असाल तर दुसरं मशीन आणि दुसरा माणूस हवा. कडांसाठी दोन माणसं वेगळी: त्यांच्याकडे लाकडी रंधा, स्टीलची थापी आणि गुडघ्याखाली घ्यायला फळ्या. सगळ्यांना गमबूट आणि हातमोजे. ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि ते जळणं तासाभराने कळतं.

पेट्रोलचं मशीन बंद गाळ्यात चालवताना शटर आणि खिडक्या उघड्या ठेवा. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड वाटलं तर आधी बाहेर या, मशीन नंतर.

## टप्पा ५: ओतणं, लेव्हल, आणि मग हात मागे

पॉवर ट्रॉवेल लेव्हल काढत नाही. जे उंचसखल पट्टीने राहिलं, त्याचाच मशीन गुळगुळीत डोंगर बनवतं. म्हणून लेव्हल इथेच संपवा.

माल ओता, व्हायब्रेटर लावा, दोन्ही बाजूंच्या गाइडवर पट्टी ओढा. मग तीन मीटरची अल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी-उभी टेकवून बघा. खाली उजेड दिसला तिथे माल भरा, टेकली तिथे कापा. यानंतर लांब दांड्याचा फ्लोट एकदा, फार तर दोनदा. खडी खाली बसते, वर सारखं तोंड येतं, एवढंच काम. पाणी वर यायच्या आत हे संपलं पाहिजे.

व्हायब्रेटर एकाच जागी धरून ठेवला तर बारीक माल आणि पाणी वर येतं आणि तो भाग पुढे कमजोर राहतो. कॉलमच्या भोवती हे हमखास होतं.

मग सगळ्यांनी कोब्याबाहेर यायचं. रंधा घेऊन "जरा सारखं करतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीलाही बाहेर बोलवा.

व्हॅक्यूम पद्धतीचं ट्रिमिक्स असेल तर मॅट आणि पंपाने पाणी खेचून घेतल्यावर थांबायचा वेळ खूपच कमी होतो. पण खालच्या चाचण्या त्यालाही लागू आहेत. मॅटच्या जोडावर आणि कडेला पाणी कमी खेचलं जातं, तिथे वेगळं तपासा.

## टप्पा ६: थांबणं

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

काँक्रीट ओतल्यावर खडी-वाळू खाली बसते आणि पाणी वर सुटतं. हे पाणी पूर्ण बाहेर येऊन उडून जायच्या आत वरचं तोंड ब्लेडने बंद केलं, तर पाणी आणि हवा खाली अडकते. दोन-तीन मिलिमीटरचा वरचा पापुद्रा पापडासारखा फुगतो आणि पहिल्या जड चाकाखाली सुटतो. हेच पाणी मशीनने मालात परत मिसळलं तर वरच्या थरात पाणी-सिमेंटचं प्रमाण बिघडतं, आणि मग धूळ निघते.

मग तयार झालं हे ओळखायचं कसं? घड्याळावर जाऊ नका. मे महिन्यात दोन तासांत येणारी वेळ जानेवारीत सहा तासांनी येते. हे पाहा:

१. चमक. ओल्या कोब्यावर पाण्याची चकाकी असते. ती पूर्ण जाऊन रंग मंद, निस्तेज झाला पाहिजे. खाली वाकून उजेडाच्या दिशेने बघा. कुठे चकाकणारे पट्टे उरले असतील तर तिथे अजून पाणी आहे.

२. पाऊल. गमबूट घालून कडेला पूर्ण वजनाने उभे राहा आणि पाय उचला. ठसा तीन ते सहा मिलिमीटर खोल उमटला तर पॅनची वेळ झाली. पाय त्याहून खोल गेला, किंवा ठशात पाणी जमलं, तर थांबा. ठसा जेमतेम दिसत असेल तर उशीर होतोय.

३. उपडा ग्लास. वाऱ्याच्या दिवसांसाठी ही खास. वारा वरचं पाणी लगेच उडवतो, कोबा कोरडा दिसतो, पण आतून पाणी सुटणं चालूच असतं. काचेचा ग्लास कोब्यावर उपडा ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघा. खाली पाणी जमलेलं दिसलं तर कोरडेपणा फसवा आहे.

चाचणी एका जागी घेऊन भागत नाही. पहिल्या गाडीची जागा, शेवटच्या गाडीची जागा, दाराजवळची वाऱ्याची जागा आणि भिंतीच्या सावलीतली जागा, चारही तपासा. दाराजवळचा भाग नेहमी आधी तयार होतो. मशीनची सुरुवात जिथे तयार आहे तिथून करायची, ओतणं जिथून सुरू झालं तिथून नाही.

उन्हाळ्यात कधीकधी वर कडक कवच आणि खाली मऊ माल असा प्रकार होतो. पाय ठेवल्यावर कोबा गादीसारखा दबतो, ठसा मात्र नीट उमटत नाही. अशा वेळी ब्लेड लावला की कवच फाटतं. वर ओलं गोणपाट नको, पाणी नको. वारा अडवा, सावली करा आणि लाकडी रंध्याने किंवा पॅनने तोंड उघडं ठेवत खालच्या मालाची वाट बघा.

इशारा: पाणी सुकवायला कोरडं सिमेंट भुरभुरणं बंद करा. "लवकर ओढून घेतं" असं मिस्त्री सांगतात आणि ते खरंही आहे; पण ओढलेलं पाणी जातं कुठे? त्याच सिमेंटच्या पातळ थरात. तो थर खालच्या मालाशी एकजीव होत नाही, आकसताना जाळीदार भेगा पाडतो आणि सुटतो. साचलेलं पाणी रबरी वायपरने किंवा कडेपासून कडेपर्यंत पाइप ओढून बाहेर काढा.

## टप्पा ७: पॅन फिरवणं

आधी कडा. भिंती, कॉलम, गटाराच्या चौकटी यांच्याजवळ मशीन पोहोचत नाही, म्हणून तिथली हाताची घोटाई प्रत्येक फेरीच्या आधी करून घ्या. मशीन संपल्यावर कडांकडे वळलात तर तोवर त्या दगड झालेल्या असतात, आणि मग थापीला पाणी लावायचा मोह होतो.

पॅन लावा, वेग कमी ठेवा. बहुतेक मशीनचे ब्लेड वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतात. अशा मशीनचं हॅन्डल किंचित उचललं की मशीन डावीकडे सरकतं, किंचित दाबलं की उजवीकडे. ढकलाढकली करायची नाही. मनगटाच्या हलक्या दाबावर मशीन डोलत जातं. नवा माणूस हॅन्डल अंगाने ओढतो, त्याची पाठ धरते आणि कोब्यावर खड्डे पडतात.

मागे-मागे चालत या, म्हणजे तुमचे ठसे मशीनच पुसत येतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. दुसरी फेरी पहिलीच्या काटकोनात. एकाच जागी मशीन फिरवत उभं राहिलं की तिथे बशीसारखा खळगा होतो. फोनवर बोलत मशीन चालवणाऱ्याने केलेले असे खळगे पावसाळ्यात पाणी साचल्यावर मोजता येतात.

तपासा: पॅन फिरल्यावर वर सारखा, ओलसर, बारीक मालाचा थर दिसला पाहिजे. मागे पाण्याची रेघ राहत असेल तर मशीन उचला आणि थांबा. खडी उघडी पडत असेल तर उशीर झाला आहे किंवा मालात बारीक भाग कमी आहे.

आत्ता एकदा तीन मीटरची पट्टी पुन्हा टेकवा. उंचवटा खरवडायची ही शेवटची संधी.

## टप्पा ८: हार्डनर असेल तर

हार्डनर म्हणजे कोब्याचा वरचा थर कडक करायला भुरभुरायची तयार पावडर. नसेल तर पुढे जा. असेल तर तो पॅनच्या पहिल्या फेरीनंतर टाकायचा, आधी नाही, कारण पॅनने तोंड उघडून आतली ओल वर आणलेली असते आणि हार्डनरला तीच ओल हवी.

प्रमाण पिशवीवर लिहिलेलं असतं, साधारण चौरस मीटरला तीन ते पाच किलो. जागेचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात पिशव्या आधीच मोजून ठेवा. एकूण मालाचा दोन तृतीयांश भाग पहिल्यांदा टाका. तो ओल खाऊन गडद झाला की पॅन फिरवा. उरलेला एक तृतीयांश काटकोनात टाका, पुन्हा गडद होऊ द्या, पुन्हा पॅन. मुठीने उंचावरून उडवू नका. जड कण एकीकडे पडतात, बारीक वाऱ्याने दुसरीकडे जातात.

कोरडा राहिलेला पट्टा दिसला तर त्यावर पाणी मारून ओला करू नका. तेवढ्या भागात हार्डनर जास्त झालाय किंवा माल पुढे गेलाय. पाण्याने तो चिकटल्यासारखा दिसतो आणि नंतर सुटतो.

## टप्पा ९: ब्लेडची घोटाई

पॅन काढा. आता पाऊल ठेवल्यावर ठसा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उमटायला हवा. तळहात कोब्यावर टेकवून उचला. हाताला सिमेंटची लगदी चिकटली तर अजून वेळ आहे. फक्त ओलसर वाटलं आणि हात स्वच्छ निघाला, की ब्लेड उतरवा.

पहिली फेरी: ब्लेड जवळजवळ आडवे, वेग मंद. कोन लवकर वाढवण्याची चूक सर्रास होते. ब्लेडची कड जितकी उचलाल तितका दाब कमी जागेवर येतो, आणि मऊ मालावर तो दाब तोंड बंद करून फोड आणतो.

मधल्या फेऱ्या: प्रत्येक फेरीत कोन थोडा वाढवा, वेग थोडा वाढवा, दिशा काटकोनात बदला. दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबा. किती, ते तळहात सांगेल. दर वेळी आधी कडा हाताने.

शेवटची फेरी: कोन जास्त, वेग जास्त. आता ब्लेडखालून माल सरकत नाही. सुरुवातीचा मऊ, चिखलात घासल्यासारखा आवाज जाऊन पातं खणखणायला लागतं, आणि कोब्यावर गडद चमक चढते. इथे थांबायचं. अजून एक फेरी मारली तर चमक वाढत नाही, काळे जळाल्यासारखे पट्टे उमटतात आणि केसभेगा वाढतात. फिकट रंगाचा हार्डनर असेल तर लोखंडी ब्लेडचे हे डाग फारच दिसतात. तिथे शेवटच्या फेरीला प्लास्टिकचे ब्लेड लावा.

### मध्येच बिघडलं तर

फोड दिसू लागले तर मशीन तिथून लगेच हटवा. फोड टोचून हवा-पाणी बाहेर काढा, लाकडी रंध्याने तोंड उघडा, थांबा, आणि पुन्हा आडव्या ब्लेडने सुरुवात करा. कोन वाढवून फोड दाबायला गेलात तर ते दिसेनासे होतात, पण जागेवरच राहतात.

मशीन बंद पडलं तर ते कोब्यावर उभं ठेवून प्लग साफ करत बसू नका. दोघांनी उचलून बाहेर आणा, तोवर बाकीच्यांनी फळ्यांवर बसून थापीने काम चालू ठेवायचं. ब्लेडखाली रुतलेले चार अर्धगोल नंतर जात नाहीत.

पाऊस आला तर प्लास्टिकने झाका, थांबल्यावर साचलेलं पाणी ओढून काढा, आणि मगच पुढे. पावसाचं पाणी घोटून आत घालायचं नाही.

## टप्पा १०: खाचा आणि पाणी

भेग ठरलेल्या रेषेतच पडावी म्हणून कोब्यात खाच कापतात. ती कापायला सहसा दुसरी टोळी येते आणि ती तिच्या सोयीने तिसऱ्या दिवशी येते. तोवर कोब्याने स्वतःच्या मर्जीने भेग पाडलेली असते. कटर कोब्याच्या कडा न तोडता चालू लागला की कापायला घ्या. उन्हाळ्यात हे चार-सहा तासांत येतं, थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी. कटरवाल्याला आधीच बोलावून ठेवा. खोली जाडीच्या एक चतुर्थांश: सहा इंची कोब्याला दीड इंच. दोन खाचांमधलं अंतर साडेचार मीटरच्या आत, आणि चौकोन शक्यतो चौरस. कॉलमच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग टाळायची असेल तर कॉलमभोवती वेगळी खाच घ्या.

पाणी मारण्याबाबत एकच गैरसमज मोठा आहे: "घोटलाय ना, आता पाणी नको." उलट, घोटलेला वरचा थरच सगळ्यात आधी सुकतो. पृष्ठभागावर बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ओलं गोणपाट अंथरा किंवा त्याच दिवशी क्युरिंग कंपाउंड (ओल आत धरून ठेवणारं द्रव्य) फवारा. वर कोटिंग येणार असेल तर कंपाउंड कोटिंगवाल्याला विचारूनच. प्लास्टिक अंथरायचं तर सुरकुती न ठेवता, नाहीतर सुरकुतीचे गडद-फिके नकाशे कोब्यावर राहतात.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ओपीसीला (साध्या सिमेंटला) किमान सात दिवस ओलं ठेवायचं, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) किंवा राखमिश्रित मालाला दहा दिवस. कोरड्या, उष्ण हवेत हेच अनुक्रमे दहा आणि चौदा दिवस होतात. आपल्याकडची बहुतेक कामं पीपीसीवर किंवा राख घातलेल्या आरएमसीवर होतात, म्हणून नाशिकच्या उन्हाळ्यात चौदाच धरा. दिवसातून दोनदा पाइप मारून मध्ये कोबा कोरडा पडू देणं हे क्युरिंग नव्हे. गोणपाट सतत ओलं पाहिजे.

खाच कापणारे आणि गोणपाट अंथरणारे सोडून पहिले चोवीस तास कुणी पाय ठेवायचा नाही. सात दिवस हातगाडीसुद्धा नको, रॅक आणि फोर्कलिफ्ट २८ दिवसांनी. पत्र्याच्या शेडचं फॅब्रिकेशन राहिलं असेल तर ते कोब्याच्या आधी उरकून घ्या, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या आणि लोखंडाचे गंजके तुकडे ओल्या कोब्यावर पिवळे ठिपके सोडतात.

## बिल चुकतं करण्याआधी

क्युरिंग संपून कोबा सुकला की मालक आणि ठेकेदार दोघांनी मिळून तीन गोष्टी तपासा. काळा फडका दाबून ओढा. थोडी धूळ चालते, फडका पांढरा झाला तर वरचा थर कच्चा आहे. खिळ्याने हलकं ओरखडा: चकाकती रेघ उमटली तर ठीक, पीठ निघालं तर नाही. मग लहान हातोडीने दर पाच फुटांवर ठोकत जा. भरीव आवाज हवा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे पापुद्रा सुटलेला आहे. खडूने गोल करून ठेवा.

धूळ थोडीच असेल तर सिलिकेटचं हार्डनिंग द्रव्य मुरवून भागतं. पोकळ आवाजाच्या गोलांवर मात्र कुठलंही द्रव्य चालत नाही. तेवढा भाग चौकोनी कापून, पापुद्रा काढून, दुरुस्तीचा माल भरावा लागतो. रॅक बसायच्या आधी हे करून घ्या, नंतर त्या खडूच्या खुणांपर्यंत कुणी पोहोचत नाही.